पहिलं स्टूल: सोलापूरच्या हवेत हातानं सुतारकाम सुरू करणाऱ्यांसाठी

मे महिन्यात गच्चीवर टाकलेली ओली सोलापुरी चादर तासाभरात कडक होते. घरात ठेवलेल्या लाकडाचंही तेच होतं, फक्त त्याला काही आठवडे लागतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नवशिक्यांचं पहिलं काम बिघडतं ते बहुधा इथेच. करवत वाकडी चालली तर ती तेव्हाच दिसते. लाकडाच्या आक्रसण्याला जागा ठेवली नसेल, तर ते पुढच्या एप्रिलमध्ये कळतं, माथ्याची फळी चिरल्यावर.

म्हणून पहिलं काम लहान घ्या, पण सगळे धडे त्यात येतील असं घ्या. खाली एका चहाच्या स्टुलाची पूर्ण कृती आहे: १८ इंच उंच, १६ × १२ इंच माथा, चार पाय, चार आडव्या पट्ट्या. खिळा एकही नाही. रोज संध्याकाळी तासभर आणि रविवारी तीन तास दिलेत, तर महिना-दीड महिना लागेल. त्यातला बराच काळ लाकूड नुसतं पडून असणार आहे. तो टाळायचा नाही.

१. आधी मोजमापाची भाषा ठरवा

वखारीत आणि सुतारांमध्ये फूट, इंच आणि सूत चालतं. ८ सूत म्हणजे १ इंच. पटाश्या, प्लाय आणि ड्रिलचे बिट मात्र मिलिमीटरमध्ये मिळतात. 'एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर' असं धरून चालणारे पुष्कळ आहेत. खरा आकडा ३.१७५ आहे, त्यामुळे ८ सुतांत जवळपास दीड मिलिमीटर घसरतो आणि सांधा खुळखुळतो. एका कामात एकच माप ठेवा. या लेखात इंच आणि सूत आहे.

२. हत्यारं

यादी मुद्दाम आखूड ठेवली आहे. विजेवर चालणारी एकही वस्तू यात नाही. फ्लॅटमध्ये दुपारी दोन ते चार कटर चालवलंत, तर छंद आठवड्याभरात बंद पडेल, आणि तो शेजारीच पाडतील.

- लोखंडी रंधा, साधारण १४ इंच लांबीचा
- करवत, १८ इंची, लाकूड कापून तुकडे करायला
- पाठीला पट्टी असलेली बारीक दातांची छोटी करवत, १० ते १२ इंची, कुसवांसाठी (पायातल्या खाचेत बसणारी पट्टीची टोकं)
- पटाश्या तीन: ६, १२ आणि २५ मिलिमीटर
- लाकडी हातोडी (लोखंडी हातोड्यानं पटाशीची मूठ फुटते)
- ६ इंची गुण्या (काटकोन तपासायला), १२ इंची स्टीलची पट्टी, टेप
- मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायला) आणि एक टोकदार चाकू
- १८ इंची क्लॅम्प, किमान तीन, जमल्यास चार
- छोटा हातड्रिल, स्क्रूड्रायव्हर, सव्वा इंची आठ-दहा स्क्रू
- धार लावायचा दुहेरी दगड, जाड काचेचा तुकडा, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर
- चष्मा आणि चांगल्या प्रतीचा मास्क

मास्कला हसू नका. सागाच्या आणि शिसमाच्या बारीक धुळीनं काहींना खाज सुटते, काहींना दम लागतो, आणि लाकडाची धूळ वर्षानुवर्षं श्वासात जाणं कर्करोगाच्या कारणांमध्ये मोडतं.

पैसे कमी असतील तर करवत स्वस्तातली घ्या, गुण्या चांगला घ्या. गुण्या दुकानातच तपासा. सरळ कडेच्या फळीला तो लावून पेन्सिलीनं रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच रेघेला भिडवा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर तो खरा, मध्ये फट पडली तर दुकानदाराला परत द्या.

३. धार

नव्या पटाशीला धार नसते. फक्त आकार असतो. पाठ आधी काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर घासून आरशासारखी करा, निदान टोकाकडचा अर्धा इंच. मग उतरती बाजू ३० अंशांत धरून दगडावर घासा. पाठीकडून बोटाला बारीक कंगोरा लागेपर्यंत घासत राहा, नंतर १००० आणि २००० वर तो काढून टाका. रंध्याच्या पात्यालाही हेच करायचं. परीक्षा सोपी आहे: पाइनच्या तुकड्याचं आडवं टोक पटाशीनं कापा. काप गुळगुळीत आला तर धार आली, चुरा पडला तर अजून नाही.

हात थकतात, काप फाटतो, रंधा उड्या मारतो, यांतल्या दहापैकी आठ तक्रारींचं उत्तर दगडावर असतं. काम करताना दर अर्ध्या तासानं पटाशी पुन्हा काचेवर न्या.

४. लाकूड निवडणं आणि मोजणं

लाकूड घनफुटावर विकलं जातं. हिशोब असा: लांबी फुटांत × रुंदी इंचांत × जाडी इंचांत, भागिले १४४. म्हणजे ८ फूट लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाड फळी ४८ भागिले १४४, अर्थात घनफुटाचा तिसरा हिस्सा झाली. आपल्या स्टुलाला नासधूस धरून अर्धा घनफूट लाकूड पुरतं. वखारीतलं माप कापलेल्या, न रंधलेल्या लाकडाचं असतं. एक इंची फळी रंधून साफ केली की ६ ते ७ सूतच उरते. हे ठाऊक नसलेला माणूस 'फसवलं' म्हणत परत येतो.

कोणतं घ्यायचं? सरावासाठी पाइन. एमआयडीसीत यंत्रं ज्या खोक्यांतून आणि पॅलेटवर येतात, ते लाकूड बहुधा हेच असतं आणि स्वस्तात मिळतं. त्यावरचा शिक्का मात्र वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका.

खऱ्या स्टुलासाठी जुनं सागवान सगळ्यांत उत्तम. पेठांमधले जुने वाडे उतरवले की तुळया, चौकटी आणि दारं विकायला येतात. ते लाकूड अनेक दशकं याच हवेत वाळलेलं असतं, त्यामुळे फारसं हलत नाही. धोका एकच, आत मोडलेले खिळे. प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा, आणि काळपट निळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असंच समजा. एक खिळा रंध्याच्या पात्याला अशी खाच पाडतो की ती काढायला संध्याकाळ जाते.

नवा साग घेताना पिवळसर तपकिरी गाभ्याचा घ्या. कडेचा पांढरट भाग किडीला आवडतो. बाभूळ आपल्या भागात भरपूर आहे आणि बैलगाडीला तीच वापरत, पण ती कठीण, रेषा (लाकडातल्या तंतूंची दिशा) उलटसुलट आणि वाळताना पिळणारी आहे. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. कडुनिंब बरा, पण ओला मिळतो.

कागदपत्र म्हणून एकच गोष्ट लागते: पक्की पावती. रस्त्याकडेला कापून पडलेलं झाड स्वस्तात देणाऱ्याकडून सागाचं लाकूड घेऊ नका, त्याच्या वाहतुकीवर वन खात्याचे नियम असतात. आणि अंगणातला लिंब आपलाच आहे म्हणून परस्पर तोडता येत नाही. शहरात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

५. लाकडाला घराची सवय होऊ द्या

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडातला ओलावा वजनाच्या ५-६ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, पावसाळ्यात १२-१४ पर्यंत चढू शकतो. या फरकानं लांबी बदलत नाही म्हटलं तरी चालेल. बदलते ती रुंदी. सागाची १२ इंच रुंद फळी या चढउतारात साधारण एक-सव्वा सूत कमीजास्त होते. साग तरी शांत आहे, बाकीची बरीच लाकडं यापेक्षा जास्त हलतात.

आणलेलं लाकूड मापापेक्षा थोडं मोठं कापून घरातल्या सावलीत रचा. जमिनीवर एक इंची चौकोनी पट्ट्या १२ ते १५ इंचांवर मांडा, त्यावर फळ्या, पुन्हा पट्ट्या, पुन्हा फळ्या. वर एखादं वजन ठेवा. फळीच्या दोन्ही टोकांना रंग किंवा वितळलेलं मेण लावा, नाहीतर टोकं आधी वाळतात आणि चिरतात. थेट पंख्याखाली किंवा भिंतीला टेकवून ठेवलेली फळी एका बाजूनं वाळते आणि वाटीसारखी होते. तव्यावर एकाच अंगानं शेकलेल्या भाकरीचं जे होतं तेच.

वाळलं कधी, हे कळायला मीटर लागत नाही. एक फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी तोला आणि वजन पेन्सिलीनं तिच्यावरच लिहा. लागोपाठ दोन-तीन रविवार वजन तेच भरलं की काम सुरू करा. वखारीतल्या वाळक्या लाकडाला तीन-चार आठवडे लागतात. ओल्या लाकडाला जाडीच्या दर इंचामागे सुमारे वर्ष धरावं लागतं, म्हणून ओलं घेऊच नका.

काम कधी करावं? दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. हवा ना फार ओली ना फार सुकी, त्यामुळे लाकूड त्याच्या चढउताराच्या साधारण मध्यावर असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जोडलेला माथा पुढच्या मे महिन्यात सगळ्यात जास्त आक्रसतो.

६. तुकडे कापणं आणि चौरस करणं

रंधून तयार झालेली मापं:

- पाय ४: पावणेदोन इंच (१४ सूत) चौरस, लांबी सव्वासतरा इंच
- लांब पट्ट्या २: ३ इंच रुंद, ६ सूत जाड, लांबी सव्वाबारा इंच
- आखूड पट्ट्या २: रुंदी-जाडी तीच, लांबी सव्वाआठ इंच
- माथा: ६ सूत जाड, तीन फळ्या जोडून १६ × १२ इंच
- माथा धरणारे ठोकळे ६: दीड इंच लांब, १ इंच रुंद, ६ सूत जाड

पट्ट्यांच्या लांबीत दोन्ही बाजूंची कुसवं धरलेली आहेत, प्रत्येकी ७ सूत. पाय मात्र आता सव्वाअठरा इंचांवर कापा. वरचा जादा इंच खाच पाडताना टोक फुटण्यापासून वाचवतो, तो माथा बसवण्याआधी कापून टाकायचा आहे.

प्रत्येक तुकड्याची एक बाजू आधी रंध्यानं सपाट करा आणि तिच्यावर खूण करा. मग शेजारची कड गुण्यानं काटकोनात आणा, तिच्यावरही खूण करा. इथून पुढचं प्रत्येक माप आणि गेजची प्रत्येक रेघ या दोन खुणांच्या बाजूंवरूनच घ्यायची. हा नियम मोडला की चुका एकमेकींत मिसळतात आणि कुठली कुठून आली हे सापडत नाही.

रंधा मारताना सालपट फाटून निघत असेल तर फळी उलटी फिरवा. मांजराच्या अंगावरून हात कोणत्या दिशेनं फिरवायचा हे जसं हाताला कळतं, तशी लाकडाची रेषाही दोन दिवसांत कळू लागते.

७. खाचा आणि कुसवं

हा कामाचा गाभा आहे. इथे घाई नको.

चारही पाय उभे मांडून पाहा आणि त्यांच्या डोक्यावर १, २, ३, ४ लिहा. कोणती दोन पृष्ठं बाहेर येणार तेही लिहा. चुकीच्या पृष्ठावर पाडलेली खाच ही नवशिक्यांची सगळ्यात नेहमीची चूक आहे, आणि ती भरून निघत नाही.

पायाच्या बाहेरच्या पृष्ठापासून ४ सूत आणि ६ सूत अशा गेजच्या दोन रेघा मारा. मधली २ सूत रुंद जागा म्हणजे खाच. पायाच्या तयार डोक्यापासून, म्हणजे जादा इंच सोडून, ४ सूत खाली खाच सुरू होते आणि १८ सूत लांब जाते. खोली ८ सूत. ही मापं ठेवली की शेजारच्या पट्टीची खाच पायाच्या आत हिला आडवी येत नाही. दोन्ही खाचा आत एका कडेला जेमतेम भिडतात. खोली वाढवलीत तर भिंत फुटेल, म्हणून पटाशीवर ८ सुतांवर रंगीत टेप चिकटवा.

बाजारात जी पटाशी २ सुती म्हणून मिळते ती ६ मिलिमीटरची असते, आणि २ सूत म्हणजे ६.३५. कुसू स्टीलच्या पट्टीनं २ सूत मोजून केलं तर ते खाचेत जाणारच नाही. त्यामुळे गेजच्या दुसऱ्या रेघेचं माप स्टीलच्या पट्टीवरून घेऊ नका, तुमच्या हातातल्या पटाशीवरून घ्या. पहिली रेघ ४ सुतांवर, दुसरी तिथून पटाशीच्या रुंदीइतकी पुढे. पायावर आणि आडव्या पट्टीवर दोन्हीकडे हीच रुंदी.

खाच पाडताना पटाशी खाचेच्या मध्यावर उभी धरा, हातोडीचा एक ठोका द्या, मग अर्धा सूत सरकून पुन्हा ठोका. मध्यापासून दोन्ही टोकांकडे जा, पण टोकाच्या रेघा शेवटच्या क्षणापर्यंत तशाच सोडा. ढलप्या उपसताना पटाशी त्या टोकांवर टेकवावी लागते आणि टोकं दबतात. ती शेवटी सरळ खाली कापून स्वच्छ करायची.

कुसवांसाठी खांद्याची रेघ (जिथे कुसू संपून पट्टीची पूर्ण जाडी सुरू होते) पेन्सिलीनं मारू नका. चाकूनं कापा, चारही बाजूंनी फिरवून. करवत रेघेवर चालवायची नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवायची, रेघ अर्धी दिसत राहिली पाहिजे. पट्टी ६ सूत जाड आहे, म्हणजे दोन्ही अंगांनी सुमारे २ सूत निघेल. रुंदीत वरून ४ सूत आणि खालून २ सूत काढा, कुसू १८ सूत रुंद राहील.

घट्टपणा ओळखायचा कसा? कुसू हातानं निम्मं आत जावं आणि बाकीचं हातोडीच्या हलक्या दोन-तीन टपल्यांनी. जोर लागत असेल तर थांबा. पायातून 'चर्र' असा आवाज आला म्हणजे उशीर झाला. फार सैल झालं तर रंध्याचं एक लांब सालपट गोंद लावून कुसवाच्या गालावर (रुंद बाजूवर) चिकटवा आणि वाळल्यावर पुन्हा तासा. हे लाजिरवाणं वगैरे नाही, अनुभवी सुतारही करतात.

८. जोडणी

आधी सगळं गोंदाविना जोडून पाहा. खांदे पायाला चहूकडून भिडतात का, ते उजेडासमोर धरून बघा. कुठे फट दिसली तर बहुधा कुसू लांब असतं किंवा खाचेच्या तळाशी ढलपी अडकलेली असते.

गोंद पांढरा, फेविकॉल एसएच चालतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो हातातल्या हातात सुकतो. सकाळी सातच्या आत काम उरका आणि गोंद कुसू व खाच दोन्हींना पातळ लावा. सगळं एकदम जोडायला जाऊ नका. आधी दोन पाय आणि एक लांब पट्टी अशी दोन जोडपी क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी आखूड पट्ट्यांनी ती एकत्र आणा. क्लॅम्प कसल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेनं क्लॅम्प थोडे तिरपे करा, तो आखूड होतो. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं पुसण्यापेक्षा थोडा घट्ट होऊ द्या आणि पटाशीनं सोलून काढा. पुसलेला गोंद रेषांमध्ये शिरतो आणि पॉलिशनंतर तिथे फिकट डाग उठतो.

माथ्याच्या तीन फळ्यांच्या कडा रंध्यानं अशा करा की एकीवर एक ठेवून मागे दिवा धरला तरी उजेड दिसू नये. तिन्ही फळ्यांच्या रेषा एकाच दिशेच्या ठेवा, म्हणजे जोडल्यावर रंधा मारता येईल.

९. माथा बसवणं

इथे स्टूल वाचतं किंवा चिरतं. माथा चौकटीला गोंदानं चिकटवायचा नाही. वरून खिळेही ठोकायचे नाहीत.

पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून ४ सूत खाली, ३ सूत रुंद आणि ३ सूत खोल अशी फट पटाशीनं पाडा: लांब पट्ट्यांना दोन-दोन, आखूड पट्ट्यांना एक-एक. प्रत्येक ठोकळ्याच्या टोकाला २ सूत जाडीची जीभ कापा. जिभेच्या वरची पायरी ४ सुतांपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवा. ठोकळा स्क्रूनं माथ्याच्या खालच्या अंगाला कसला की जीभ फटीच्या वरच्या कडेवर दाबते आणि माथा खाली ओढून धरते. माथ्याची रेषा १६ इंचांच्या दिशेनं आहे, म्हणजे तो १२ इंचांच्या दिशेनं हलणार. म्हणून आखूड पट्टीतली फट ठोकळ्यापेक्षा ४ सूत लांब हवी, ठोकळ्याला दोन्हीकडे सरकता यावं. लांब पट्टीत जिभेचं टोक फटीच्या तळापासून १ सूत दूर राहावं. स्क्रूसाठी माथ्यात आधी भोक पाडा, आणि ते आरपार जाणार नाही एवढं बघा.

१०. डुलणारे पाय

पायांची वरची जादा टोकं माथा बसवण्याआधीच कापलेली असतील. आता स्टूल स्वयंपाकघराच्या कडप्पा ओट्यावर ठेवा, फरशीवर नको, तिच्या सांध्यांत चढउतार असतो. डुललं तर आखूड पायाखाली पाचरी सरकवून माथा चारही कोपऱ्यांत ओट्यापासून सारख्या उंचीवर आणा. सगळ्यात मोठ्या फटीएवढ्या जाडीच्या तुकड्यावर पेन्सिल आडवी ठेवून चारही पायांभोवती रेघ फिरवा आणि रेघेवर कापा. एक पाय थोडा, मग दुसरा थोडा असं करत बसलात, तर स्टुलाचा पाट होईल.

११. पॉलिश

पॉलिश पेपर १२०, १८०, २४० या क्रमानं आणि नेहमी रेषेच्या दिशेनं.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून (लिटरला १५० ते २०० ग्रॅम, रात्रभर ठेवून कापडातून गाळून) केलेलं पॉलिश दिसायला सुंदर, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं. आणि पावसाळी हवेत लावलं तर ते दुधाळ होतं. चहाच्या स्टुलाला जवसाचं तेल बरं. घाण्याचं कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं, म्हणून रंगाच्या दुकानातलं उकळलेलं अलसी तेल मागा. पातळ हात द्या, १५ मिनिटांनी उरलेलं पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे तीन-चार हात. घरात आहे म्हणून शेंगतेल लावू नका. ते कधीच वाळत नाही, चिकट होतं आणि खवट वास येतो.

माथ्याच्या खालच्या अंगालाही तितकेच हात द्या. वरून बंद आणि खालून उघडी फळी एका बाजूनंच ओलावा घेते आणि पुन्हा भाकरीसारखी वाकते.

जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळ्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर जास्तच सहज. दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

पहिल्या मे महिन्यात स्टूल उलटं करा आणि ठोकळे तपासा. एखादा सैल झाला असेल तर स्क्रू पाव फेरा कसा. त्याहून जास्त कसलात, तर माथा पुन्हा बांधला जाईल.